जर्मनीत मास्टर्स करणाऱ्यांनो, खरा खर्च आणि खरे अनुभव सांगा

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सध्या सीजीपीए ८ आहे. जर्मनीत मास्टर्स करायचं ठरवतोय. घरी द्राक्षबाग आहे, पप्पा म्हणतात जायचं तर खुशाल जा पण आधी सगळा खर्च कागदावर मांडून दाखव, उगाच ऐकीव माहितीवर उडी नको. गेल्या आठवड्यात एका कन्सल्टन्सीत गेलो होतो, ते म्हणाले जर्मनीत शिक्षण फुकट आहे, ॲडमिशन हमखास, फक्त आम्ही देतो त्या यादीतलीच कॉलेजं घ्यायची. घरी येऊन यादी बघितली तर अर्धी कॉलेजं खाजगी, आणि फी वर्षाला दहा-बारा हजार युरो. मग फुकट कुठलं? तर जे तिथे शिकतायत किंवा शिकून आलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पैसे किती लागतात, अभ्यास कसा असतो, जर्मन भाषा आधी शिकावी का, पार्टटाईम काम मिळतं का. आमच्या कॉलेजातनं अजून कोणी तिकडे गेलेलं नाही त्यामुळे विचारायला ओळखीचं कोणी नाही.

एल्बेकिनारी
मी माग्डेबुर्गला आहे, मास्टर्सचं दुसरं वर्ष, मूळची कऱ्हाडची. पहिली गोष्ट, ती यादी बाजूला ठेव. खाजगी कॉलेजांकडून एजंटला कमिशन मिळतं, सरकारी विद्यापीठांकडून मिळत नाही, म्हणून यादी तशी असते. डीएएडी म्हणजे जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था, तिच्या साईटवर इंटरनॅशनल प्रोग्रॅम्सचा डेटाबेस आहे, तिथे कोर्सची भाषा, फी, शेवटची तारीख सगळं फिल्टर लावून दिसतं, आणि अर्ज आपला आपण करता येतो, त्यात कोणाला लाख रुपये द्यावं असं काहीही नाही.

आता पप्पांच्या कागदासाठी आकडे. सरकारी विद्यापीठात बहुतेक राज्यांत ट्यूशन फी नाही हे खरं आहे, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूहं वगैरे, २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी आहे, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळ्यापासून फी सुरू केलीय, मास्टर्सला सेमिस्टरला चार ते सहा हजार युरो. बाकी ठिकाणी फक्त सेमिस्टरची वर्गणी असते, शंभरपासून तीन-साडेतीनशेपर्यंत, त्यात बऱ्याचदा बसचा पास येतो.

खरा मोठा आकडा ब्लॉक्ड अकाउंटचा. व्हिसाला जायच्या आधी एका वर्षाच्या राहण्याखाण्याचे पैसे त्या खात्यात भरावे लागतात, सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा ११,९०४ युरो झालाय. हे पैसे कोणाला द्यायचे नसतात, तुझेच असतात, तिथे गेल्यावर दर महिन्याला ९९२ युरो तुझ्या खात्यात येतात. पण एकरकमी उभे करावे लागतात आणि आपल्याकडची घरं तिथेच अडकतात. त्याशिवाय एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना सक्तीचं आहे, त्याचे १८ हजार रुपये. युनि-असिस्ट म्हणजे अनेक विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणारी संस्था, तिच्यातून अर्ज केले तर पहिल्याला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. व्हिसा ७५ युरो. विमान आणि पहिल्या महिन्याचं सामानसुमान वेगळं.

माझा महिन्याचा हिशोब सांगते, वोनहाईमची म्हणजे विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलची खोली तीनशेच्या आसपास, आरोग्य विमा सव्वाशे-दीडशे, खाणं दीडशे ते दोनशे जर घरी केलं तर, फोन दहा-पंधरा. हे छोट्या शहराचं झालं. म्युनिकला नुसत्या खोलीलाच एवढे सगळे जातील. म्हणून शहर निवडताना नावाकडे बघू नकोस, भाड्याकडे बघ.

घाटमाथा
वरच्या ताईंनी पैशाचं अगदी नीट सांगितलंय त्यामुळे मी अभ्यासावर लिहितो कारण त्याच्याबद्दल एजंट अवाक्षर काढत नाहीत. मी आखेनला मास्टर्स केलं, आता तिथेच जवळ नोकरी करतो.

आपल्याकडे कसं असतं, इंटर्नल, सबमिशन, हजेरी, मॅडम ओरडतात, एचओडी घरी फोन करतात, म्हणजे कोणीतरी सतत मागे असतं. तिथे यातलं काहीही नाही. बहुतेक लेक्चरना हजेरी नाही. पूर्ण सेमिस्टर कोणी विचारत नाही की तू आहेस का गेलास. आणि फेब्रुवारीत एकच लेखी परीक्षा, तिला क्लाउजुर म्हणतात, नव्वद मिनिटं किंवा दोन तास, शंभर टक्के मार्क त्याच्यावर. परीक्षेसाठी पोर्टलवर स्वतः नाव नोंदवायचं, ती तारीख गेली की गेली, कोणाच्या हातापाया पडून उपयोग नाही. प्रश्न पाठांतराचे नसतात, मागच्या वर्षीचे पेपर पाठ करून गेलं की तिथे हमखास आपटतात.

मार्कांचं उलटं आहे, १.० सगळ्यात चांगला, ४.० पास, ५.० नापास. आणि नीट वाच, बहुतेक विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी. तिसऱ्यांदा नापास झाला आणि तो विषय सक्तीचा असेल तर नाव काढून टाकतात, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसऱ्या विद्यापीठातही पुढे चालू करता येत नाही. माझ्या फ्लॅटमधल्या एका मुलाचं हे झालं. हुशार पोरगा, आपल्याच इथल्या चांगल्या कॉलेजचा टॉपर, पण पहिल्या सेमिस्टरला रात्री वेअरहाऊसमध्ये काम आणि दिवसा झोप असं चाललं होतं. कोणी त्याला थांबवलं नाही कारण थांबवणं हे तिथे कोणाचंच काम नाही. व्हिसा शिक्षणाचा, शिक्षण संपलं तर व्हिसाचं काय, घरी कर्ज, त्याचे ते महिने आम्ही बघितलेत. म्हणून मी येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो, अर्ज करायच्या आधी त्या कोर्सची परीक्षा-नियमावली डाऊनलोड करून वाच. जर्मनमध्ये असली तर भाषांतर करून वाच. किती संधी आहेत, कुठले विषय सक्तीचे, परीक्षा मागे घ्यायची मुदत किती, हे तुला विमानात बसायच्या आधी माहीत पाहिजे.

चांगलं पण सांगतो. निकालानंतर तपासलेला पेपर बघायला बोलावतात, आणि मार्क कुठे कापले ते समोर बसून विचारता येतं, तुझा मुद्दा बरोबर असेल तर मार्क वाढवतात सुद्धा. प्रोफेसरला तुम्ही चुकताय असं भर वर्गात सांगितलं तर तो रागवत नाही, बोर्डाकडे वळून परत बघतो. मला पहिल्यांदा हे बघून विश्वासच बसेना. लॅब विद्यार्थ्यांसाठी उघड्या असतात, मशीनला हात लावू देतात, बिघडलं तर दुरुस्त कसं करायचं ते शिकवतात. मी इंजिनिअर झालो तो तिथे झालो असं मी मनापासून म्हणतो.

कृष्णाकाठचा
घाटमाथा दादा, हे तीन संधींचं मला खरंच कोणीच सांगितलं नव्हतं. ८ सीजीपीएवर ॲडमिशन होते का तिकडे?

घाटमाथा
आपला सीजीपीए ते बव्हेरियन फॉर्म्युला नावाच्या सूत्राने जर्मन ग्रेडमध्ये बदलतात. दहापैकी ८, पासिंग ४ धरलं तर सहा गुणांच्या पट्ट्यात तू वरून दोन खाली आहेस, म्हणजे १ अधिक ३ गुणिले दोन भागिले सहा, झाले २.०. हे चांगलं आहे, बऱ्याच ठिकाणी २.५ पर्यंत चालतं. पण नुसता ग्रेड बघत नाहीत. तुझ्या बीईचे विषय त्यांच्या बॅचलरशी किती जुळतात ते बघतात, गणिताचे इतके क्रेडिट, मेकॅनिक्सचे इतके, थर्मोचे इतके. तिथे कमी पडलं तर ९ सीजीपीए असून नकार येतो. तेव्हा कॉलेजकडून चारही वर्षांचा सिलॅबस शिक्का मारून आत्ताच घेऊन ठेव, नंतर ऑफिसमध्ये खेटे घालावे लागतात.

स्प्रेकाठी
मी बर्लिनला कॉम्प्युटर सायन्स करतेय. भाषेबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. माझा कोर्स पूर्ण इंग्लिश, वर्कस्टुडंटची म्हणजे शिकता शिकता करायची नोकरी एका स्टार्टअपमध्ये तीही इंग्लिश, दुकानात इंग्लिश चालतं. मी जर्मनच्या ए-वन म्हणजे पहिल्या पायरीच्या पुढे गेले नाही आणि माझं काही अडलं नाही. मुलांना उगाच घाबरवू नये असं वाटतं, आधीच अर्जांचं टेन्शन असतं त्यात भाषेचे क्लास, काही जण ह्या भीतीनेच बेत रद्द करतात.

रानमोगरा
स्प्रेकाठी, तुझं बर्लिनचं आणि सॉफ्टवेअरचं खरं असेल, पण हा मुलगा मेकॅनिकलचा आहे गं. मी पुण्यात बरीच वर्षं जर्मन शिकवतेय, माझे विद्यार्थी तिकडून फोन करून जे सांगतात त्यावरून लिहिते. मेकॅनिकलच्या नोकऱ्या आहेत कुठे, तर छोट्या छोट्या गावांत, तीनशे-चारशे माणसांच्या कारखान्यात, जिथे फोरमनपासून मालकापर्यंत सगळे जर्मन बोलतात आणि ड्रॉइंगवरच्या टिपासुद्धा जर्मनमध्ये असतात. त्यात आता गाड्यांच्या उद्योगात मंदी आहे. फोक्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार केला त्यात २०३० पर्यंत पस्तीस हजारांहून जास्त जागा कमी करायचं ठरलं. अशा वेळी दोन उमेदवारांत एकाला जर्मन येत असेल आणि एकाला येत नसेल तर कंपनी कोणाला घेईल? शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण ते १८ महिने भाषा शिकण्यात गेले तर नोकरी कधी शोधणार.

रोज दोन तास मनापासून दिले तर वर्षभरात बी-वन म्हणजे भाषेची तिसरी पायरी होते. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे कोर्स आहेत, सांगलीहून येणं शक्य नसेल तर ऑनलाईन बॅचेस आहेत. बी-वनच्या परीक्षेचे चार भाग असतात, वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं, आणि ते वेगवेगळे देता येतात, प्रत्येकाला शंभरात साठ लागतात, त्यामुळे एक राहिला तर तेवढाच परत देता येतो. तिथे जाऊन शिकू असं म्हणणाऱ्या फार थोड्यांचं होतं, कारण अभ्यास, काम आणि स्वयंपाक यात दिवस संपतो. आणि नोकरीचं सोड, शेजारच्या आजींनी जिन्यात थांबवून दोन शब्द विचारले तर उत्तर देता आलं पाहिजे ना. त्यानेच ते शहर आपलं वाटायला लागतं.

एल्बेकिनारी
रानमोगरा ताईंना पूर्ण अनुमोदन. मी बी-वन करून आले होते तरी पहिल्या दिवशी ऑफिसातल्या बाई काय बोलल्या ते निम्मं कळलं नाही, पण निम्मं कळलं म्हणून काम झालं. नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो त्याला आनमेल्डुंग म्हणतात, खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत, आणि त्याला घरमालकाची सही असलेला कागद लागतो. त्या नोंदीशिवाय टॅक्स नंबर येत नाही, टॅक्स नंबर नसला तर पगारातून जास्त कर कापतात, व्हिसा वाढवायला पण तोच कागद. सगळं पत्राने येतं, टपालपेटीवर नाव चिकटवलेलं नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, हे लक्षात ठेवा.

पार्टटाईमचं विचारलं होतंस. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातल्याच प्रोफेसरकडे सहाय्यक म्हणून केलं, त्याला हीवी म्हणतात, तर ते या दिवसांत धरत नाहीत. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होतं, २०२६ पासून १३.९०. म्हणजे आठवड्याला दहा तास केले तरी खोली आणि खाणं निघतं. पण पहिलं सेमिस्टर काम नाही मिळालं तरी चालेल अशा तयारीने या. ज्यांच्या घरून निरोप असतो की पहिल्या महिन्यापासून हप्ते पाठव, त्यांची फार ओढाताण होते, मी जवळून बघतेय.

गोदाकाठची_आई
मी विद्यार्थिनी नाही, पण माझी मुलगी जर्मनीत शिकते म्हणून लिहायचं धाडस करतेय. पालकांच्या बाजूने कोणी लिहीत नाही म्हणून.

मुलं तिथे गेली की पहिले दोन महिने रोज व्हिडिओ कॉल, बर्फ दाखव, दुकान दाखव. मग नोव्हेंबर येतो. डिसेंबरमध्ये तिथे दुपारी चार वाजता अंधार पडतो हे ऐकून माहीत होतं पण त्याचा मुलांवर काय परिणाम होतो ते माहीत नव्हतं. मुलगी फोनवर गप्प राहायला लागली, झोपून असायची, जेवणात काय केलं विचारलं की ब्रेड. आम्ही इथे बसून काय करणार. शेवटी तिच्या मैत्रिणीनेच तिला विद्यापीठाच्या स्टुडंट सर्व्हिसच्या समुपदेशकाकडे नेलं, तिथे विद्यार्थ्यांना ही सोय मोफत असते, इंग्लिशमध्ये बोलणारी माणसं पण असतात. दर आठवड्याला जाऊन बोलायची. फरक पडला. आता पोहायला जाते, एका कॉयरमध्ये गाते, जर्मन मुलींशी तिथेच ओळख झाली.

तेव्हा पालकांनो, मार्क विचारण्याआधी जेवलीस का, कोणाशी बोललीस का हे विचारा. आणि मुलांनो, घरी खोटं खोटं सगळं छान चाललंय सांगू नका. आईबापाला आवाजावरून कळतं. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार तास होतो, त्याप्रमाणे फोनची एक वेळ ठरवून घ्या. आमची रविवारची सकाळ ठरलेली आहे, तिथे रविवारी दुकानं बंद असतात, ती निवांत असते.

स्प्रेकाठी
काकू, तुमची पोस्ट आईला पाठवली. नोव्हेंबरचं अगदी खरं आहे, मी पण पहिल्या हिवाळ्यात रडले होते. आणि रानमोगरा ताई, मेकॅनिकलचा मुद्दा मान्य, माझ्या ऑफिसमध्येही मागच्या वर्षी ज्यांना काढलं त्यातले जर्मन येणारे लवकर दुसरीकडे लागले. मी बी-वनच्या बॅचला नाव देतेय.

चंद्रभागा_वाळवंट
सगळ्यांना शेतीवाडी किंवा तारण ठेवायला घर नसतं म्हणून एक भर घालतो. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, त्यात फी, राहण्याचा खर्च, विमान भाडं येतं. विद्यापीठ जागतिक रँकिंगमध्ये ठराविक क्रमांकाच्या आत असावं लागतं आणि उत्पन्नाची अट असते. ओबीसी आणि खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांसाठीही वेगळ्या योजना आहेत. दरवर्षीचा शासन निर्णय आणि जाहिरात स्वतः वाचा. माझा मावसभाऊ या शिष्यवृत्तीवर शिकला, पंढरपूरजवळच्या खेड्यातला, घरात पहिला पदवीधर. तालुक्याच्या ठिकाणी ही माहिती पोचतच नाही आणि जागा रिकाम्या राहिल्या की वाईट वाटतं. गावाकडच्या कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे टाका प्लीज.

कृष्णाकाठचा
मंडळी, सगळा धागा पप्पांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले त्या कन्सल्टन्सीत परत जायचं नाही. ब्लॉक्ड अकाउंटसाठी बँकेचं कर्ज आणि थोडे घरचे असं बघणार आहोत. जर्मनच्या ऑनलाईन बॅचला नाव दिलं, एक तारखेपासून सुरू. कॉलेजमध्ये सिलॅबसच्या शिक्क्यासाठी अर्ज दिला. आता दोन गोष्टी विचारायच्यात. वोनहाईमला खोली नाही मिळाली तर बाहेर खोली इथून बघावी का, कारण फेसबुकवर एक जण म्हणतोय डिपॉझिट आधी पाठव, किल्ली कुरियर करतो. आणि मी शाकाहारी आहे, स्वयंपाक अजिबात येत नाही.

घाटमाथा
अजिबात पाठवू नकोस!! किल्ली कुरियरने पाठवणारा घरमालक जर्मनीत नसतो, तो फसवणारा असतो, हा प्रकार फार जुना आहे. खोली बघितल्याशिवाय, करार हातात आल्याशिवाय एक युरो द्यायचा नाही. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याएवढं घेता येतं, तेही हीटिंग वगैरे सोडून जे मूळ भाडं असतं त्याच्या, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुला हक्क आहे. प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी वोनहाईमचा अर्ज टाक, काही शहरांत त्याच्याही आधी टाकता येतो. नाही मिळाली तर पहिले काही आठवडे सुट्टीवर गेलेल्या विद्यार्थ्याची खोली तात्पुरती घेता येते, तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर विचार, कोणीतरी जाऊन खोली बघून येतं. आम्ही आखेनला येणाऱ्या मुलांसाठी हे करायचो. पण घेताना पत्त्याची नोंद करता येईल का हे आधी विचार, काही जण नाही म्हणतात आणि मग पुढची सगळी कामं अडतात.

गोदाकाठची_आई
बाळा, स्वयंपाक शिकायला अजून वर्ष आहे तुझ्या हातात. आईकडून आमटी, भात, दोन भाज्या आणि पोळ्या एवढं शिकून घे. कुकर छोटा तीन लिटरचा इथूनच ने, सोबत जास्तीची रिंग आणि शिट्टी. तूरडाळ, पोहे, कणीक तिथे भारतीय दुकानात मिळते, भेंडी, मिरच्या, कोथिंबीर तुर्की दुकानात स्वस्त मिळते असं मुलगी सांगते. तिथलं साधं पीठ ४०५ नंबरचं असतं ते मैद्यासारखं आहे, त्याच्या पोळ्या वातड होतात. गोडा मसाला मात्र घरचा ने.

एल्बेकिनारी
आणि फोडणी देताना खिडकी उघडी ठेव, दार बंद ठेव. धुराचा अलार्म वाजला तर अख्खा मजला खाली उतरतो. कुठल्या शहरांना अर्ज करतोयस ते ठरलं की इथेच लिही, त्या त्या शहरातलं कोणीतरी सापडेल.